पॉलिसिस्टिक ओव्हरी : अहवालातील चित्र आणि समोरची रुग्णा

तालुक्याच्या गावी चिकित्सा करणाऱ्या वैद्याकडे आज येणाऱ्या तरुण स्त्रीरुग्णांपैकी अनेकींच्या हातात, नाडी दाखविण्यापूर्वीच, एक लिफाफा असतो. नांदगाव हे मनमाड आणि चाळीसगाव यांच्या दरम्यानचे, लोहमार्गावरचे अवर्षणप्रवण गाव. येथील रुग्णा मनमाडला, मालेगावला किंवा थेट नाशिकला जाऊन सोनोग्राफी करून येतात आणि लिफाफा टेबलावर ठेवून म्हणतात, "डॉक्टरसाहेब, पीसीओडी निघालंय." पुढचे निदान जणू झालेलेच असते, आता केवळ औषध लिहावयाचे उरले आहे, अशी त्यांची आणि पुष्कळदा आपलीही समजूत असते.

अशीच एक माता आपल्या पंधरा वर्षांच्या कन्येला घेऊन माझ्याकडे आली होती. मुलीची पाळी सुरू होऊन दीड वर्ष झाले होते आणि ती चाळीस-बेचाळीस दिवसांनी येत असे. चेहऱ्यावर वयानुरूप चार पुटकुळ्या, बाकी प्रकृती उत्तम. अहवालात मात्र दोन्ही बीजांडकोशांत लहान लहान गाठी असल्याचे नमूद होते. मातेचा प्रश्न एकच होता : "पुढं हिला लेकरू होईल ना?" मुलगी खाली मान घालून बसली होती. या प्रश्नाचे उत्तर लेखाच्या शेवटी देतो. कारण ते देण्याची पात्रता येण्यासाठी या व्याधीकडे प्रथम नीट पाहावे लागते.

एका शब्दाने घातलेला घोळ

१९३५ साली शिकागो येथील स्टीन आणि लेव्हेंथाल या दोन स्त्रीरोगतज्ज्ञांनी सात स्त्रियांचे वृत्त प्रसिद्ध केले. पाळी न येणे आणि मोठे झालेले बीजांडकोश ही त्यांतील समान बाब होती. काहींच्या चेहऱ्यावर केस होते, काही स्थूल होत्या. पुढे बराच काळ हा विकार त्यांच्याच नावाने ओळखला गेला. नंतर 'पॉलिसिस्टिक' हा शब्द रूढ झाला आणि तेथून गैरसमजाला आरंभ झाला. सोनोग्राफीत दिसणारे हे काळे ठिपके म्हणजे रोगट गाठी नव्हेत. दर महिन्याला वाढीस लागणाऱ्या, परंतु परिपक्व होऊन फुटण्यापूर्वीच थांबलेल्या त्या बीजपुटिका होत. २ ते ९ मिलिमीटर आकाराच्या या पुटिका कापून काढावयाच्या नसतात आणि औषधाने 'विरघळवावयाच्या'ही नसतात.

आपल्या क्षेत्रातही या शब्दाने एक चकवा निर्माण केला आहे. 'सिस्ट' म्हणजे ग्रंथी आणि ग्रंथी म्हणजे कांचनार गुग्गुळ, असे समीकरण अनेकांच्या लेखणीत बसले आहे. कांचनार गुग्गुळ हे गंडमाला, अपची, अर्बुद, ग्रंथी यांवरील उत्तम औषध आहे यात शंका नाही. पण येथे ग्रंथी हा व्याधीच नाही. अहवालावरील शब्दाचे संस्कृत भाषांतर करून त्यावर योग योजणे म्हणजे दोष, दूष्य, अग्नी, बल, वय यांच्या परीक्षणाला फाटा देणे होय.

त्याच मुली, दोन मोजमापे

२००३ साली रॉटरडॅम येथे ठरलेल्या निकषांनुसार तीनपैकी कोणत्याही दोन गोष्टी असल्यास हे निदान करतात : बीजोत्सर्ग अनियमित असणे किंवा नसणे, पुरुषी संप्रेरकांच्या आधिक्याची लक्षणे अथवा रक्तातील पुरावा, आणि सोनोग्राफीतील विशिष्ट चित्र. त्यापूर्वी थायरॉइडचे विकार, प्रोलॅक्टिनची वृद्धी, अधिवृक्क ग्रंथीचे विकार ही अन्य कारणे वगळावी लागतात. म्हणजे केवळ चित्र हे कधीच निदान नव्हते.

या संदर्भात मुंबईत झालेला एक अभ्यास प्रत्येक वैद्याने ध्यानात ठेवावा असा आहे. परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील संशोधकांनी १५ ते २४ वयोगटातील मुलींची पाहणी करून २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रॉटरडॅम निकष लावले तेव्हा २२.५ टक्के मुलींत हा विकार असल्याचे दिसले. त्याच मुलींना पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य अनिवार्य मानणारे निकष लावले, तेव्हा हे प्रमाण १०.७ टक्क्यांवर आले. मुली त्याच, बीजांडकोश तेच. केवळ मोजपट्टी बदलताच निम्म्याहून अधिक मुली रोगाच्या यादीतून बाहेर पडल्या. याच अभ्यासातील दुसरी नोंद अधिक बोलकी आहे : निदान झालेल्या मुलींपैकी सुमारे ७२ टक्के स्थूल नव्हत्या. 'पीसीओडी म्हणजे जाड मुलगी' हा आपला ठोकताळा येथे गळून पडतो.

किशोरवयाबाबत आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका आता अधिक स्पष्ट झाली आहे. २०२३ च्या आवृत्तीनुसार किशोरवयीन मुलींत या निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये. कारण त्या वयात अनेक पुटिका दिसणे स्वाभाविक असते. पाळीची अनियमितता आणि पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य ही दोन्ही असली तरच निदान करावे. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षानंतर, तिसरे वर्ष पूर्ण होईपर्यंत, २१ ते ४५ दिवसांचे चक्र प्राकृत मानावे. त्यानंतर ३५ दिवसांपेक्षा लांबणारे किंवा २१ दिवसांच्या आत येणारे चक्र, अथवा वर्षातून आठाहून कमी पाळ्या, ही अनियमितता होय.

संप्राप्ती : दोन दृष्टी, एक विकृती

आधुनिक दृष्टीने या विकाराच्या मुळाशी बहुतेक रुग्णांत इन्सुलिनचा प्रतिरोध असतो. पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या की शरीर अधिक इन्सुलिन निर्माण करते. हे वाढीव इन्सुलिन बीजांडकोशाला अधिक पुरुषी संप्रेरके तयार करावयास लावते आणि यकृतात तयार होणारे, त्या संप्रेरकांना बांधून ठेवणारे प्रथिन घटविते. परिणामी हनुवटीवर केस, मुरुमे, डोक्यावरचे केस विरळ होणे ही लक्षणे उमटतात आणि पुटिकांची वाढ मध्येच खुंटते. मानेवर व काखेत काळपट, जाडसर, मखमलीसारखी त्वचा दिसली तर ते इन्सुलिन प्रतिरोधाचे, विनाखर्चाने दिसणारे चिन्ह समजावे. ते मळाचे लक्षण समजून घासत बसणाऱ्या मुली आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत.

आपल्या संहितांत या विकाराला एकच नाव नाही आणि ते शोधण्याचा अट्टहासही नको. सुश्रुताने सूत्रस्थानात आर्तवक्षयाची लक्षणे सांगताना यथाकाली आर्तव न दिसणे, ते अल्प असणे आणि योनिवेदना यांचा उल्लेख केला आहे. शारीरस्थानात दोषांनी मार्ग आवृत झाल्याने आर्तव नष्ट होते असे म्हटले आहे. काश्यपसंहितेच्या रेवतीकल्पात वर्णिलेली पुष्पघ्नी ही निष्फळ पुष्प असणारी, स्थूल व लोमश गालांची स्त्री आहे. नेपाळमधील हस्तलिखितावरून ही संहिता १९३८ साली मुंबईत छापली गेली, म्हणजे स्टीन व लेव्हेंथाल यांच्या निबंधानंतर अवघ्या तीन वर्षांनी. या साम्याचे कौतुक जरूर असावे, परंतु त्यावरून 'आमच्याकडे सर्व होतेच' असे म्हणून थांबणे शास्त्राला उपकारक नाही.

चिकित्सेच्या दृष्टीने अधिक उपयुक्त आहे तो चरकाचा सूत्रस्थानातील संतर्पणीय अध्याय. प्रमेह, अतिस्थौल्य, आलस्य, तंद्रा, गुरुगात्रता हे सारे विकार त्याने एकाच हेतूच्या छत्राखाली आणले आहेत. आपल्या स्थूल रुग्णेत अग्निमांद्य, आम, मेदोवृद्धी, कफाने झालेला स्रोतोरोध आणि त्यामुळे अपानाचे वैगुण्य ही साखळी स्पष्ट दिसते. ही मुलगी बीजांडकोशाची रुग्णा असण्याआधी प्रमेहाच्या वाटेवरची रुग्णा आहे, हे एकदा मनावर बिंबले की औषधपत्राचे स्वरूपच बदलते.

औषधापूर्वी तीन प्रश्न

पहिला प्रश्न : गर्भधारणा तर नाही ना? पाळी लांबणे हा या रुग्णांचा स्वभावच असल्याने आपण निर्धास्त होतो. परंतु पाळी अनियमित असली तरी बीजोत्सर्ग अधूनमधून होत असतो. पाळी लांबलेल्या विवाहित रुग्णेची, आणि अविवाहित रुग्णेशी एकांतात, विश्वासाने बोलून गरज वाटल्यास तिचीही, लघवीची गर्भचाचणी केल्याशिवाय कोणतेही आर्तवजनन औषध देऊ नये.

दुसरा प्रश्न : शेवटची पाळी येऊन किती दिवस झाले? या प्रश्नाबाबत माझीच एक चूक येथे नमूद करतो. चोविसाव्या वर्षी माझ्याकडे आलेली एक रुग्णा चार वर्षे नियमित औषध घेत होती. वजन उतरले होते, मुरुमे गेली होती, तीही समाधानी होती आणि मीही. पाळी मात्र चार-पाच महिन्यांनी येत असे; 'हळूहळू येईल' असे म्हणून मी ते चालवून घेतले. एके दिवशी तिला अतिरक्तस्राव सुरू झाला. स्त्रीरोगतज्ज्ञांनी गर्भाशयाचे अंतःस्तर तपासणीस पाठविले, तेव्हा त्यात अतिवृद्धी आढळली. उपचारांनी ती बरी झाली, पण ती वेळ टळली असती. बीजोत्सर्ग न झाल्यास गर्भाशयाचे अंतःस्तर एकाच संप्रेरकाच्या प्रभावाखाली वाढत राहते. पाळी येत नाही म्हणजे तेथे काही घडत नाही, असे नव्हे. वर्षानुवर्षे असेच राहिल्यास त्या अंतःस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तेव्हापासून माझ्या प्रत्येक केसपेपरावर शेवटच्या पाळीची तारीख लाल शाईने लिहिलेली असते. ९० दिवस उलटले की मी रुग्णेला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवितो. यात आयुर्वेदाचा पराभव नाही. न पाठविण्यात वैद्याचा आहे.

तिसरा प्रश्न : साखर आणि मन कसे आहे? निदान होताच ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी करावयाची रक्तशर्करा चाचणी, रक्तदाब, कंबरेचा घेर आणि रक्तातील मेद यांची नोंद करावी. भारतीय स्त्रियांत कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे हे धोक्याचे चिन्ह मानतात. कृश रुग्णेचीही शर्करा तपासावी. या मुलींत चिंता व विषाद यांचे प्रमाण अधिक आढळते. चेहऱ्यावरील केसांमुळे महाविद्यालयात जाणे सोडणारी मुलगी 'लाजते' म्हणून दुर्लक्षिली जाते. झोप, भूक, रडू येणे यांविषयी विचारावयास दोन मिनिटे पुरतात.

याशिवाय आवाज घोगरा होणे, अल्पावधीत झपाट्याने केस वाढणे, स्तनातून दूध येणे, पंधराव्या वर्षापर्यंत पाळीच न येणे यांपैकी काही आढळल्यास प्रथम तज्ज्ञांचा सल्ला, नंतर आपली चिकित्सा.

चिकित्सा : स्थूल आणि कृश

स्थूल, बलवान, कफप्रधान रुग्णेत दीपन-पाचनाने आरंभ करावा. त्रिकटू, त्रिफळा, मुस्ता यांनी अग्नी जागृत झाला की मगच शोधनाचा विचार. योग्य रुग्णेत वसंतात वमन आणि त्यानंतर संसर्जनक्रम नीट पाळल्यास पुढील शमन औषधे कमी मात्रेत लागतात, असा अनुभव आहे. पाळी येण्यासाठी अपानाचे अनुलोमन महत्त्वाचे. येथे बस्तीला पर्याय नाही. शतपुष्पा, म्हणजे आपला बाळंतशेपा, हे साधे द्रव्य आपण विसरत चाललो आहोत. काश्यपाने शतपुष्पा व शतावरी यांना स्वतंत्र कल्पाध्याय दिला आहे. शतपुष्पा चूर्ण ३ ग्रॅम दोन वेळा, भोजनापूर्वी, असा प्रयोग मी करतो आणि तीन महिन्यांनी फेरविचार करतो. उत्तरबस्ती ही निर्जंतुक साधनांनी, गर्भधारणा व जंतुसंसर्ग नसल्याची खात्री करून, विवाहित रुग्णेतच आणि शिकलेल्या हातांनीच करावी.

कृश, रूक्ष, चिंतातुर रुग्णेला हेच औषध दिल्यास अपाय होतो. तिला लेखन नको, उपवास नको. अभ्यंग, तिळतेलाची मात्राबस्ती, शतावरी, घृत, वेळेवर भोजन आणि वेळेवर झोप यांनी तिचा वात शमतो. मुंबईच्या अभ्यासातील ते ७२ टक्के येथे आठवावेत. सर्वांना एकच 'पीसीओडी कोर्स' देण्याची प्रथा याच कारणाने त्याज्य होय.

संहितेतील पथ्यही तारतम्यानेच योजावे. सुश्रुताने नष्टार्तवात कुळीथ, तीळ, उडीद, मासे, दही, आंबट पदार्थ सांगितले आहेत. संतर्पणोत्थ रुग्णेत यांतील कुळीथ व तीळ उपकारक ठरतात. दही आणि उडीद मात्र चरकाच्या संतर्पण-विचाराशी ताडून पाहावे लागतात. अशोकारिष्टाबाबतही हेच. तो असृग्दराचा, म्हणजे अतिस्रावाचा योग आहे. पाळी न येणाऱ्या मुलीला 'बायकांचे टॉनिक' म्हणून तो देण्याला शास्त्राधार नाही.

अपत्येच्छू रुग्णेत काळाचे भान ठेवावे. बीजोत्सर्गासाठी लेट्रोझोल हे आज आधुनिक वैद्यकातील प्रथम पसंतीचे औषध आहे. वय वाढलेल्या, अनेक वर्षे वाट पाहिलेल्या दांपत्याला केवळ आपल्याच औषधावर अडवून ठेवू नये. दोन्ही चिकित्सा परस्परांना माहीत असाव्यात. मेटफॉर्मिनसारखी औषधे चालू असलेल्या रुग्णेला शर्करा उतरविणारी मेथी, गुडमार, विजयसार ही द्रव्ये मोठ्या मात्रेत देताना शर्करेवर लक्ष ठेवावे. गर्भ राहिल्यावरही या स्त्रियांत गर्भावस्थेतील मधुमेहाचा संभव अधिक असतो, हे दांपत्याला आधीच सांगावे.

आपल्या गावातील पथ्य

शरीरभारात ५ ते १० टक्के घट झाली तरी अनेक स्थूल रुग्णांची पाळी सुधारते. पंच्याहत्तर किलो वजनाच्या मुलीसाठी हे सुमारे चार ते साडेसात किलो होतात. एवढे साध्य होण्यासारखे असते. त्यासाठी ओट्स आणि ऑलिव्ह तेल आणावयास सांगण्याची आवश्यकता नाही. नांदगाव हा बाजरीचा मुलूख. बाजरीची भाकरी, हुलग्यांचे माडगे, मटकी, पालेभाजी, पातळ ताक हे आपल्या आजीच्या ताटातील अन्नच येथे औषध आहे. ताट बदलले ते चहा-बिस्किटे, खारी, टोस्ट, फरसाण, पाव यांनी, आणि उपवासाच्या नावाखाली आठवड्यातून दोनदा खाल्ल्या जाणाऱ्या साबुदाण्याच्या खिचडीने. पहाटेची गाडी गाठून महाविद्यालयासाठी अपडाऊन करणारी मुलगी सकाळी उपाशी, दुपारी वडापाव आणि रात्री दहाला भरपेट जेवते. मग मध्यरात्रीपर्यंत हातात मोबाइल. विषमाशन आणि रात्रिजागरण यांचे याहून नेमके उदाहरण शोधून सापडणार नाही.

आठवड्यात किमान १५० मिनिटे घाम येईल असे चालणे प्रौढ स्त्रीस आणि रोज एक तास खेळ किंवा व्यायाम किशोरीस आवश्यक आहे. 'मुलगी रस्त्याने धावताना बरी दिसत नाही' हा आक्षेप आपल्या गावात आजही ऐकू येतो. तेव्हा आईलाच मुलीसोबत चालावयास सांगावे. हे औषधपत्रावर, औषधाच्या वर, पहिल्या क्रमांकाने लिहावे.

औषधालयाच्या काउंटरवर

आमच्या औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. 'पाळी येण्याची गोळी द्या' असे म्हणणारी व्यक्ती रोज काउंटरवर येते. रजःप्रवर्तिनी वटीत कासीस, हिंग, टंकण आणि कुमारीसार असतो. ती 'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' म्हणून देण्याची वस्तू नव्हे. गर्भ असल्यास तिचे सेवन धोक्याचे आहे, आणि गर्भ नसताना वारंवार दिल्यास मूळ व्याधी झाकला जातो. शेवटची पाळी केव्हा आली, गर्भचाचणी केली का, वैद्यांची चिठ्ठी आहे का, हे तीन प्रश्न विचारून मगच औषध द्यावे. सहा महिने एकच चिठ्ठी दाखवून औषध नेणाऱ्या रुग्णेला पुन्हा वैद्यांकडे पाठवावे. 'सिस्ट विरघळवतो', 'मुळापासून बरा' अशी जाहिरात असलेल्या खोक्यांबाबत ग्राहकास सत्य सांगावे. हा विकार दीर्घकाळ सांभाळावयाचा असतो. नियंत्रणात उत्तम राहतो, परंतु अपथ्याने पुन्हा डोके वर काढतो. एका ग्राहकाचा आजचा नफा गमावून जो विश्वास मिळतो, त्यावरच गावातील दुकान पिढ्यान्‌पिढ्या चालते.

त्या मातेला दिलेले उत्तर

आता आरंभीच्या प्रश्नाकडे. त्या मुलीला मी कोणतेही औषध दिले नाही. पाळीच्या तारखा लिहिण्यासाठी एक छोटी वही ठेवावयास सांगितली, बिस्किटे बंद करून भाकरी सुरू केली, संध्याकाळी मैदानावर पाठविले. मातेला सांगितले की, ही पाळी या वयाला प्राकृत आहे. अहवालातील चित्र म्हणजे रोग नव्हे. आणि हा विकार खरोखर असणाऱ्या स्त्रियांपैकीही बहुसंख्य माता होतात, काहींना थोडे साहाय्य लागते एवढेच. वर्षभराने दोघी वही घेऊन आल्या. पाळी तेहतीस-चौतीस दिवसांवर आली होती. मुलीने यावेळी मान वर करून स्वतःच तारखा वाचून दाखविल्या.

लिफाफा उघडण्यापूर्वी रुग्णेकडे पाहावे, तारीख विचारावी, मान व कंबर तपासावी, आणि मगच लेखणी उचलावी, एवढीच या लेखाद्वारे समस्त वैद्यबंधू-भगिनींना व औषधविक्रेत्यांना नम्र विनंती.